एकतीस संडास

आमच्या वरच्या वाडीत प्रत्येक घराला एक तळं आहे, आणि परवापरवापर्यंत प्रत्येक तळ्यावर बांबूचं एक मचाण होतं. चारी बाजूंनी छातीइतका आडोसा, वर आभाळ. सकाळी तिथे बसलं की शेजारच्या तळ्यावर बसलेल्याशी भाताच्या रोपांपासून कुणाची सून माहेरी गेली इथपर्यंत सगळं बोलून व्हायचं. खाली मासे आ वासून तयार. इथे जावात, तासिकमलाया शहराच्या बाजारात आमच्या माशांवरून बायका भांडतात, आणि ते इतके लठ्ठ कसे हे कुणी विचारत नाही.

मी एंतिन, वाडीची आरोग्यसेविका; सगळे मला चेऊ, म्हणजे ताई, म्हणतात. पगार नाही, नुसती एक निळी वही आणि सगळ्यांच्या शिव्या. तालुक्याने सांगितलं होतं की वाडी हागणदारीमुक्त ठरली की त्याच वर्षी नळ येईल. मला तो नळ हवा होता. पाणी आम्ही तळ्यांच्या खालच्या अंगाला असलेल्या झऱ्यावरून आणतो. माझा धाकटा दीड वर्षाचा असताना जुलाबाने गेला. सगळे म्हणाले, दात येत होते. आता सून लिलिसला आठवा महिना लागला होता. तिच्या बाळाला नळाचं पाणी मिळावं, एवढी एकच हाव मला होती.

तीस घरं माझ्या तोंडाला कंटाळून तयार झाली. उरले अबाह ओमो, म्हणजे ओमो आजोबा. वय पंचाहत्तर, आणि वाडीतले सगळ्यांत लठ्ठ मासे त्यांचे. चार भिंतींत कोंडून घेतलं की पोट रुसतं, वारा नाही, बोलायला कोणी नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन महिने मी गोडीत सांगून पाहिलं. शेवटी मी भर रस्त्यात म्हणाले, "अबाह, तुमच्या एका ढुंगणापायी एकतीस घरांचा नळ अडलाय."

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच मचाण मोडलं आणि संडास बांधला, तोही माझ्यापेक्षा भारी फरशीचा.

तपासणीला तालुक्याच्या अधिकारी बाई, इबू हेस्ती, आल्या. घरोघरी दार उघडून पाहिलं, भांडं पाहिलं, साबण, ब्रश पाहिला आणि खूश झाल्या. जेवण अबाहंकडे होतं. केळीच्या पानात वाफवलेला मासा इबूंनी दोनदा मागून घेतला आणि विचारलं, याला खायला काय घालता?

अबाह फुलले. "पूर्वी मी एकटा दिवसातून एकदा जायचो, इबू. आता संडासाची नळी थेट तळ्यात सोडलीय. सगळ्या घरादाराचं जातं."

इबूंचा घास हातातच राहिला. बाकीचे चटईकडे बघू लागले, आणि मी वही उघडली. माझ्या वहीत दार होतं, भांडं होतं, साबण होता. नळी कुठे जाते हा रकानाच नव्हता. मलाही तो सुचला नाही, कारण तळ्यात नाही तर आणखी कुठे जाणार? माझीही तळ्यातच जात होती. उघड्यावर बसू नका म्हणाले, आम्ही बसायचं थांबलो. बाकीचं कुणाच्या डोक्यात आलंच नाही.

इबू भली बाई. तीनदा हात धुऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "चेऊ एंतिन, एकाच घराचं असेल तर आठ दिवसांत खड्डा खणून घ्या. मी आज होकार लिहून टाकते. एकच घर आहे ना?"

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. अबाहंनी मला मानेनेच हो म्हण म्हणून खुणावलं. माझ्या एकट्याचं नाव सांग, असं त्यांचं म्हणणं होतं. मला फक्त हो म्हणायचं होतं. तेवढ्यात लिलिस पाहुण्यांचे पेले भरायला झऱ्याचं पाणी घेऊन आली. पाठीमागच्या उतारावर तळ्याखाली तळं दिसत होतं, आणि सगळ्यांच्या खाली झरा. माझं पोर कशाने गेलं ते मला तिथे, त्या चटईवर बसून कळलं. रडू आलं, रागही आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

"एकतीसच्या एकतीस," मी म्हणाले. "पहिलं माझं लिहा."

नळ पलीकडच्या गावाला गेला. वाडीने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. अबाह तेवढे कुदळ घेऊन आले आणि माझ्या दारात शोषखड्डा खणताना, मासे आता उपाशी मरणार म्हणून गळा काढत राहिले. मग त्यांच्याकडे खणला, आणि मग हळूहळू सगळीकडे. नात आता सात महिन्यांची आहे. पाणी अजून मीच वाहते आणि मीच उकळते. तिला एकदाही जुलाब झालेले नाहीत.