काकांचा डावा कान

होडीतून उतरल्यावर मावशी थेट धुक्यात शिरली. सबंध बेटाचं कब्रस्तान एकट्या काकांसाठीच केलंय अशा थाटात. मी मागे. झाडं बाजूला सरून वाट देत होती, निदान वाटत तसं होतं. मठाचं जुनं चर्च तर जमिनीला टेकलेलंच नव्हतं.

काम एकच होतं. मेल्यावर मावशीला काकांच्या शेजारी झोपायचं होतं, आणि ती जागा आजच पक्की करायची होती.

पण काकांच्या उजवीकडे पियानो शिकवणाऱ्या एक बाई आधीच येऊन झोपल्या होत्या.

"डावीकडे रिकामी आहे," मठातले म्हातारे फादर म्हणाले.

"यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही."

"येत नव्हतं," मी म्हणालो.

"तू गप रे. फादर, मी काय जन्मभर भिंतीशी बोलू?"

जन्म संपल्यावरचा हा प्रश्न फादरांनी मनावर घेतला.

"यांनाच फिरवा ना," मावशी म्हणाली. "पायांच्या जागी डोकं. उजवा कान येतो की नाही माझ्याकडे?"

"इथे सगळ्यांचे पाय पूर्वेला असतात. शेवटच्या दिवशी उठले की समोर सूर्योदय."

"हे? सूर्योदयाला उठणार?"

"उलटं फक्त धर्मगुरूंना ठेवतात. उठल्यावर तोंड आपल्या माणसांकडे असावं म्हणून."

"मग करा यांना धर्मगुरू."

फादर विचारात पडले. चर्चची घंटा झोपेत बडबडल्यासारखी वाजली.

"वर विचारावं लागेल," ते म्हणाले. किती वर, ते मी विचारलं नाही. "पण आमच्या धर्मगुरूंना बायको नसते. मग तुम्ही त्यांच्या कोण?"

मावशीचा चेहरा उतरला. तिनं पर्स माझ्याकडे दिली आणि डावीकडच्या गवतावर सरळ आडवी झाली.

धुकं तिच्या अंगावर गोधडीसारखं आलं. आतून कुजबुज ऐकू येऊ लागली. मग हसणं, एक सणसणीत शिवी, बराच वेळ नाक ओढणं. मी आणि फादर सभ्यपणे चर्चच्या भिंतीकडे बघत राहिलो. भिंत हळूहळू तरंगत होती.

होडीवाल्यानं हाका मारल्या तेव्हा ती गवत झटकत उठली.

"हीच द्या."

"पण ऐकू?" फादर म्हणाले.

"यांना ऐकू येत असतं तर एवढं बोलले असते का मी?"

फादरांनी खुणेचे दगड मांडले. मावशीनं ते बुटानं ढकलत ढकलत काकांच्या आणखी जवळ नेले.