सातव्या मूर्तीची दोरी

टेकडीवरच्या त्या उघड्या देवस्थानात दगडाच्या अकरा मूर्ती होत्या, आणि अकराही मनगटांना बांधत नेलेली एक निळी नायलॉनची दोरी. तिथे आलेल्या एका फोटोवाल्याच्या डोळ्यांत ती सलत होती. एवढं देखणं कोरीव काम आणि त्यावर ही कपडे वाळत घालायची दोरी! ऊन कलत होतं, सावल्या हव्या तशा पडल्या होत्या, आसपास चिटपाखरू नव्हतं. विचारायचं तरी कुणाला, अशी स्वतःचीच समजूत घालून त्याने सातव्या मूर्तीपासून पुढची दोरी सोडली आणि गुंडाळून दगडामागे टाकली.

दहाबारा फोटो झाले तोच राखणदार आबा झाडू घेऊन वर आले. लेकीने हात धरून त्यांना पहिल्या मूर्तीशी उभं केलं. आबांना दिसत नव्हतं.

"आबा, आज मी झाडू का?"

"दोरी धरून जोवर अकरावीपर्यंत पोचतोय तोवर झाडू माझा. चुकलो की तुझा."

ती पाण्याची बादली आणायला खाली गेली. कॅमेऱ्याचा आवाज ऐकून आबा हसले. "काढा पाहुणे, हवे तेवढे काढा."

आबा दोरी धरून, झाडत, सातव्या मूर्तीपाशी आले. पुढे हात नुसताच हवेत फिरला. 'आबा, मी सोडलीय दोरी,' एवढंच म्हणायचं होतं. पण हा गडी कॅमेऱ्याशीच चाळा करत राहिला. आबा अंदाजाने दोन पावलं गेले, गुडघा दगडावर आपटला आणि ते मटकन खाली बसले.

"दोरी कुठे सुटली, आठवत नाही रे देवा," ते पुटपुटले.

फोटोवाल्याने चोरपावलांनी जाऊन घाईघाईत दोरी बांधली. तोवर लेक वर आली. आबांनी झाडू पुढे केला.

"घे बाई. चुकलो मी."

"चुकला कुठे? ही काय दोरी!" तिने त्यांचा हात दोरीवर ठेवला.

आबांची बोटं गाठीवर थांबली. ती सुरगाठ होती.

"तू तर निरगाठ मारतेस," आबा म्हणाले. मग त्यांनी तोंड वळवलं. "पाहुणे, फोटो चांगला आला का?"

फोटोवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आला," तो कसाबसा म्हणाला.

आबांनी सुरगाठ सोडली, निरगाठ मारली आणि लेकीच्या हातातून झाडू परत घेतला.

"जरा सरकता का? तुम्ही उभे आहात तिथलं झाडायचं राहिलंय."