पूर्ण गार झाल्यावर

...आणि तो बुडबुडा काही केल्या फुटेना. ट्रेच्या डाव्या कोपऱ्यात, आंब्याच्या फोडीला चिकटून, राईच्या दाण्याएवढा. थोआने त्याच्यावर फुंकर घातली, मग दातकोरणीचं टोक लावलं, तर तो शहाण्यासारखा फोडीखाली सरकला आणि तिथून तिच्याकडे बघत बसला. बघत बसला म्हणजे काय, बुडबुडा तो – पण आज सकाळपासून घरातली प्रत्येक वस्तू आपल्याकडे बघते आहे असंच तिला वाटत होतं. शहाळ्याच्या पाण्यात शिजवलेली जेली काचेसारखी नितळ होऊ लागली होती, तिच्यात पांढऱ्या ड्रॅगनफळाच्या चकत्या, फणसाचे गरे, आंबा असं सगळं तिने मापून मांडलं होतं. अकरा वर्षं केलेल्या कामाला आज एक बुडबुडा नडणार असेल तर...

साडेआठ. भिक्षुणी दुपारी बाराच्या आत जेवतात, बारानंतर घासही नाही, म्हणजे अकराला पानं, म्हणजे दोन्ही थर साडेदहापर्यंत बसलेच पाहिजेत. खुए येणार होती. विएनची थोरली बहीण, थोआची नणंद – नऊ वर्षांपूर्वी डोकं भादरून नदीपलीकडच्या विहारात जाऊन राहिलेली, आणि आता या घरी पहिल्यांदाच जेवायला येणारी.

पहिली अडचण हाकेची होती. तेहतीस वर्षं थोआ तिला 'वन्सं' म्हणत आली होती. आता 'सुको' म्हणायचं, सगळे भिक्षुणींना तसंच म्हणतात. तेही चाललं असतं. पण सुको म्हटलं की रीतीप्रमाणे स्वतःला 'लेकरू' म्हणावं लागतं. 'सुको, लेकराच्या हातचं गोड मानून घ्या.' एकसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधलेलं लेकरू! आणि मानून कोणी घ्यायचं, तर जिने...

नाही. आधी थर.

तिने तर्जनी अलगद जेलीवर टेकवली. ओली. अजून नाही. खरं म्हणजे सगळं या बोटात होतं. खालचा थर फार कोवळा असताना वरचा ओतला तर दोन्ही एकमेकांत घुसून गढूळ होतात; फार उशीर केला, तो गार पडला, की त्याची पाठ टणक, गुळगुळीत होते, मग वरचा थर त्याच्यावर नुसता बसतो, धरत नाही, आणि सुरी लावली की सरकतो. मधे एक क्षण असतो – बोट ओलं होत नाही, पण खाली काहीतरी थरथरतं – त्या क्षणी नारळाचं गरम दूध डावाच्या पाठीवरून सोडायचं. हा क्षण तिला कोणी शिकवला नव्हता. तो तिने कमावला होता. रागाने कमावला होता.

"झाली का गं?" विएन दारात येऊन उभा राहिला.

"तुम्ही स्वयंपाकघरात येऊ नका म्हणून सांगितलंय ना?"

"नुसतं विचारतोय."

"काल नुसतंच आणायला पाठवलं होतं, तर काय घेऊन आलात?"

विएन एक पाऊल मागे झाला. काल त्याला अगरची पूड आणायला पाठवलं होतं, समुद्राच्या शेवाळाची, जी या गावात टपरीवरसुद्धा मिळते, आणि हा माणूस मोठ्या दुकानात जाऊन गुळगुळीत पाकीट घेऊन आला होता.

"अहो, हे जिलेटिन आहे! ह्यात हाडं असतात!"

"हाडं कुठली? पूड आहे." त्याने पाकीट कानाशी हलवूनही पाहिलं होतं.

"डुकराच्या हाडांची पूड! भिक्षुणीला डुक्कर खाऊ घालायला निघालात, तेही सख्ख्या बहिणीला!"

"तिला काय कळणार आहे..." एवढं बोलून तो थांबला होता, कारण थोआच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उमटलं होतं. क्षणभरच. मग तीच त्याला म्हणाली होती, "जा, बदलून आणा." पण तो क्षण होता, हे नाकारण्यात अर्थ नव्हता... मी काही देवी नाही, थोआने स्वतःला सांगितलं, आणि पुन्हा बोट टेकवलं. कोरडं. खाली थरथर. तिने श्वास धरून नारळाचं दूध सोडलं. पांढरं पांघरूण पसरत गेलं आणि बुडबुड्यासकट सगळं झाकून गेलं.

अकरा वर्षांपूर्वी सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला चाळीस माणसं जेवायला होती. त्या दिवशी थोआच्या हातून जेलीत दोन पाकिटं पूड पडली, कारण पहिलं टाकल्यावर कोणीतरी तांदळाचं विचारलं, कोणीतरी उदबत्त्यांचं, आणि परत आल्यावर तिने दुसरंही टाकलं. खुएने तुकडा तोंडात घातला, चावला, पुन्हा चावला. मग कमरेपर्यंतची ती वेणी मागे टाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "थोआ, चाकू ठेव गं बाई, करवत आण!"

चाळीस माणसं हसली. हसणारच. पण विएनचं हसू इतरांचं संपल्यावरही चालू होतं. एकटंच, मागे राहिलेल्या पाहुण्यासारखं.

त्यानंतर ती दर आठवड्याला जेली करत आली. गल्लीतल्या लग्नांना तिचीच जेली लागते. लोक वाखाणतात, आणि ती मनात म्हणते, तुम्हाला कोण विचारतंय? जिने खायला हवी होती ती तर दोनच वर्षांत संसार सोडून, राग-लोभ सोडून, केस सोडून निघून गेली. हे म्हणजे भांडण अर्धवट टाकून पंचांनीच उठून जाण्यासारखं. मुंडण केलेल्या बाईशी भांडणार कसं? पण वाक्य तयार होतं. थोआने ते अकरा वर्षं घासूनपुसून ठेवलं होतं, कधी कडू आवाजात, कधी गोड, कधी सहज बोलल्यासारखं – 'सुरी देऊ, की करवत आणू?' शेवटी गोड आवाज पक्का केला होता. गोड जास्त लागतं.

खुए सव्वादहालाच आली. बस स्टॉपपासून चालत, करड्या झग्यात, छत्री नि कापडी पिशवी घेऊन. विएनने हात जोडले, थोआनेही जोडले, आणि काय म्हणायचं ते तोंडाशी येईपर्यंत तिच्या लक्षात आलं की या बाईचे कान थेट विएनसारखे आहेत. तीस वर्षं केसांखाली दडलेले, मोठे, पुढे वळलेले, जरासे बावळट. कोणी सांगितलं नाही कधी.

"वन्– सुको, या. ले... बसा."

"थोआ, तू बारीक झालीस," खुए म्हणाली. "की माझीच नजर गेली?"

जेवण नीट झालं. कांदा-लसूण नव्हता, तरी विएन दोनदा वाढून घेऊन जेवला. मग थोआने ट्रे आणला. कापण्याआधीच दिसत होतं: खाली फळांचा काचेचा थर, वर नारळाचा पांढरा, मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. तिने सुरी उचलली, हसली, आणि जितकं गोड बोलता येईल तितकं बोलली, "सुको, सुरी देऊ, की करवत आणू?"

खुएने तिच्याकडे पाहिलं. मग ट्रेकडे. "करवत कशाला गं?"

"...नाही, म्हटलं... आईंच्या श्राद्धाला तुम्ही म्हणाला होतात ना."

"मी? काय म्हणाले होते?"

थोआने विएनकडे पाहिलं. साक्षीदार म्हणून तोच उरला होता.

"कसली करवत?" विएन म्हणाला. "आपली करवत तर मागच्या वर्षी गंजली."

म्हणजे कोणालाच आठवत नव्हतं. अकरा वर्षं ती एकटीच त्या अपमानाचं घर झाडत होती, दिवा लावत होती, आणि ज्यांचं घर, त्यांना पत्ताही माहीत नव्हता. सुरी हातात तशीच होती. आता काय करायचं असतं? पुन्हा सगळं सांगायचं, चाळीस माणसं, दोन पाकिटं, वेणी... की कापायचं?

तिने कापलं.

खुएने एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. तिसरा घेताना ती जराशी लाजली. भिक्षुणीने लाजावं तितपतच. "थोआ, हे थर एकमेकांना धरतात कसे?"

"धरतात... म्हणजे?"

"अगं, यंदा विहारात जेलीचं काम माझ्याकडे दिलंय. दर पौर्णिमेला. आणि माझा वरचा थर बसतच नाही. कापला की घसरतो, खालचा ताटलीत, हा जमिनीवर. गेल्या खेपेला जेवायला आलेल्या एका आजोबांच्या मांडीवर गेला." खुए स्वतःच हसू लागली, मग थांबली. "हसतात गं सगळ्या. विहारातसुद्धा हसतात. मी म्हटलं होतं, तिथे तरी..." तिने पिशवीतून वही आणि आखूड पेन्सिल काढली. "म्हणूनच आले मी. जेवायला काय, कुठेही मिळतं. तू सांग, मी लिहिते."

थोआ सांगू लागली. पूड आधी पाण्यात साखरेबरोबर भिजवायची. सांगितलं. मंद आच, ढवळणं थांबवायचं नाही. सांगितलं. खुए शाळेतल्या मुलीसारखी जीभ ओठांवर काढून लिहीत होती.

"आणि वरचा थर कधी ओतायचा?"

"पूर्ण गार झाल्यावर," थोआच्या तोंडून निघालं.

ती स्वतःच ऐकत राहिली. हा आवाज गोड होता. अकरा वर्षं घासलेला तोच आवाज, वाक्य तेवढं दुसरं.

"पूर्ण?"

"पूर्ण. फ्रिजमध्ये ठेवलंत तरी चालेल."

'पूर्ण गार,' खुएने लिहिलं, आणि त्याखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या.

एक वाजता थोआ तिला बस स्टॉपपर्यंत सोडायला गेली. छत्री तिनेच धरली होती. सगळा रस्ता ते वाक्य पिशवीतल्या वहीत, दोघींच्या मधोमध चालत होतं. सांगून टाक, ती स्वतःला म्हणत होती, विसरले म्हणावं, वय झालं म्हणावं, खोटं ठरायचं काही कारण नाही. समोरून बस येताना दिसली.

"पौर्णिमेला करून बघते," खुए म्हणाली. "आणि नाही जमलं ना, तर पुन्हा येते हो तुझं डोकं खायला. चालेल ना?"

थोआने तोंड उघडलं. आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला हेच ऐकायचं होतं. जमलं, तर ही बाई कशाला येईल? वही आहे, पेन्सिल आहे, चाळीस भिक्षुणी आहेत. न जमलं तरच...

"या की," ती म्हणाली. "कधीही या."

बस गेली. परत येताना उन्हात तिला दिसत राहिलं: लांब टेबल, घसरलेला थर, चाळीस हसरे चेहरे आणि त्यांच्यामध्ये लाल होत जाणारे ते कान, ज्यांना झाकायला आता काहीच नव्हतं. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर विहाराचा फोन नंबर होता. फोन करावा. आज नाही तर उद्या. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी केला तरी चालेल... पण आदल्या दिवशी केला तर खुए जेली नीट करेल, आणि मग...

विएन उरलेली जेली ट्रेमधून सरळ चमच्याने खात होता.

"अहो, पौर्णिमा कधी आहे?"

"नऊ दिवसांनी. का?"

"काही नाही."

म्हणजे दहाव्या दिवशी हसणं ओसरेल, अकराव्या दिवशी खुए विहारातून बाहेर पडायची परवानगी मागेल, बाराव्या दिवशी बस. थोआ ट्रे काढून घ्यायला विसरून तशीच उभी राहिली. लाज वाटत होती तिला, खरीच वाटत होती, कानशिलं तापली होती; आणि तशी लाजत असतानाच ती मनाशी ठरवत होती की त्या दिवशी भाजी कमळकाकडीची करावी, आणि विएनला सकाळीच कुठेतरी लांब पाठवून द्यावं.