दोन ढिगांमधली जागा

सेकंदाला दहा किलोमीटर.

विमलकाकूंची जोडवी, काढून कोनाड्यात ठेवलेली.

शून्याखाली दोनशे साठ अंश.

महागावच्या शाळेचा फळा: शनिवारी अकरा वाजता, ताऱ्यांचा जन्म, सांगणार दीपमालाताई.

दीपमाला पुण्यात आकाशातल्या वायूच्या ढगांवर संशोधन करायची. दिवाळीला घरी आली तर शाळेने भाषण मागितलं. पोरांची तिला धास्ती नव्हती. धास्ती होती ती आईची. रुक्माबाई पहिल्यांदाच ऐकायला येणार होती. नऊ वर्षं ती गावाला सांगत होती, पोरगी काहीतरी मोठं करते. ते काहीतरी शनिवारी तरी तिला कळायला हवं होतं.

गुरुवारी कापसाची खोली भरताना दीपमालाने सांगून पाहिलं. रुक्माबाई एका भिंतीकडून कापूस तुडवत येत होती, जोडवी काढून ठेवलेल्या शेजारच्या विमलकाकू दुसरीकडून. दीपमाला म्हणाली, शून्याखाली दोनशे साठ अंशांचे दोन अफाट ढग सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने एकमेकांवर आदळतात आणि त्यातून तारे होतात.

रुक्माबाई तुडवता तुडवता थांबली. "ढगावर ढग आदळला त फुटन ना वं. तारा कायले होईन?"

विमलकाकू हसल्या, पुण्याचं शिक्षण वाया गेलं म्हणाल्या. दीपमालाकडे नुसती समीकरणं होती. तोवर दोघींच्या पायांपुढे सरकत आलेला भुसभुशीत कापूस खोलीच्या मधोमध भिडला होता, आणि तिथे घट्ट बांध उठला होता.

शुक्रवारी रुक्माबाईने, कापूस आतून तापला का ते बघायला, नेहमीसारखा कोपरापर्यंत हात खुपसला. या भिंतीशी गार. त्या भिंतीशी गार. मधल्या बांधात मात्र हात तसाच राहिला.

"पाह्य हात घालून. दवाचा हाय, दाबला त तापून राह्यला." मग लेकीकडे न बघताच ती म्हणाली, "तुह्या ढगाचंबी असंच असन. दोघं भिडते, तिथं मधातच दाटते."

दीपमालाचा हात उबेत होता. इथली ऊब ओलीची, तिथली स्वतःच्याच वजनाने आत कोसळणाऱ्या वायूची, एवढाच फरक सांगायचा उरला होता. बाकी सगळं, पुण्यात तिला दोन वर्षं लागली ते, आईने एका हाताने मोजलं होतं.

शनिवारी तिसऱ्या बाकावरच्या वैष्णवीने विचारलं, ढग फुटत का नाहीत? दीपमालाने पहिल्या रांगेतल्या आईकडे पाहिलं. रुक्माबाई पदर सावरत उठली आणि पोरांकडे तोंड करून उभी राहिली.

बुधवारी दव सुकायच्या आधी कापूस वेचायची घाई दीपमालानेच केली होती; बांधातली ऊब त्याच ओलीची होती.