टायराचं वय

तातेरावांनी तीस वर्षं सरकारी बस हाकली आणि कधी कुणाला खरचटूसुद्धा दिलं नाही. आता निवृत्त होऊन नल्लकुंट्यात घरी बसले होते, तरी रस्त्याची धास्ती काही सुटली नव्हती, कारण पोरगा. प्रबुद्ध बँकेत नोकरीला, एरवी गरीब गाय. गाडीचा विषय निघाला की मात्र शिंगं फुटत. त्याचा फोनवर मोटारवेड्यांचा ग्रुप होता. कुठल्या गाडीला किती एअरबॅग, कोण मूर्ख बेल्ट लावत नाही, यावर तिथं दिवसभर पारायणं चालत. दर रविवारी सकाळी ही मंडळी आउटर रिंग रोडवर जमत.

शुक्रवारी प्रबुद्धनं गाडीला नवे रुंद टायर बसवून आणले. तातेराव जुन्या सवयीनं गाडीभोवती फिरले, खाली बसले आणि टायरच्या कडेवर उमटवलेले चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर दहा वर्षांपूर्वीचे होते.

"बाळा, हे म्हातारे टायर हायत."

"गोडाउनमधला माल आहे पप्पा, एक किलोमीटर चालला नाही. नक्षी बघा ना, कित्ती खोल!"

"रबर बसल्या जागी म्हातारं होतंय. तापलं की फुटंल."

"ग्रुपमध्ये सगळं डिस्कस झालंय. तुमची बसच्या जमान्याची बात सोडा."

बापाच्या तीस वर्षांपेक्षा ग्रुपमधल्या लाइकच्या अंगठ्यांचं वजन जास्त भरलं. तातेरावांना ते फार लागलं. शनिवारी त्यांनी पुन्हा विषय काढला, तर पोरानं बोलणंच टाकलं.

रविवारी उजाडताना ते खाली गेले. नुसती हवा सोडून भागणार नव्हतं, डिकीत पंप होता. म्हणून चारही चाकांच्या व्हॉल्व्हमधल्या, हवा धरून ठेवणाऱ्या पिना काढून त्यांनी खिशात घातल्या. स्वतःच्याच दारात चोरी करताना लाज वाटली, पण पोरगा घरी राहील या विचारानं जिवाला थंडावा मिळाला.

प्रबुद्ध खाली आला. बसलेली चाकं पाहिली, मग बापाकडे पाहिलं. फोन लावून एवढंच म्हणाला, "विक्रम, मला घ्यायला ये."

विद्यानगर ते नल्लकुंटा अंतर ते किती! दहा मिनिटांत विक्रमची लाल गाडी गल्लीत शिरली. तातेराव चपला न घालताच धावले आणि पुढच्या चाकाशी वाकले. तोच आठवडा, तेच वर्ष.

"काय बघायलात काका?"

"हे टायर कुठले?"

"एकच लॉट ना! ग्रुपमधल्या चौघांनी मिळून घेतले."

प्रबुद्ध निदान शंभरच्या वर जात नसे. ग्रुपमध्ये त्याला टांगेवाला म्हणून चिडवत. विक्रमला असं कुणी चिडवलं नव्हतं. आपल्याच हातानं आपण पोराला त्याच टायरांवर, पण वेगाच्या गाडीत बसवलं, हे तातेरावांना उभ्या उभ्या कळलं. त्यांनी विनवणी केली. विक्रम अदबीनं हसला. प्रबुद्धनं समोर बघत बेल्ट लावला.

तातेराव मागचं दार उघडून आत बसले.

"पप्पा, उतरा."

"हळू चालव म्हणायला कुणीतरी पायजे."

विक्रम संस्कारी मुलगा. मागं वडीलधारं माणूस म्हणून त्यानं गाणं बंद केलं आणि गावात गाडी अगदी जपून चालवली. पण टोलनाका मागं पडला, ऊन चढलं, रस्ता सरळ आणि मोकळा झाला.

"काका, बसमध्ये ही मजा नव्हती!" विक्रम म्हणाला.

काटा शंभर ओलांडून गेला. तातेरावांनी पुढे वाकून पोराच्या खांद्यावर हात ठेवला. किती महिन्यांनी ठेवला होता कुणास ठाऊक. प्रबुद्धनं वळून पाहिलं नाही, पण हातही झटकला नाही.

"हळू," ते म्हणाले. "बाळा, सांग त्याला."

मागच्या डाव्या चाकाकडून, त्यांच्याच सीटखालून, बारीक थरथर यायला लागली होती. ती कशाची, हे त्या गाडीत एकट्या तातेरावांना कळत होतं.