उलट्या तारांचा मी आणि मारिविकचा हात

मी एक जुना मिक्सर आहे. चटणी वाटणारा नव्हे, मित्रांनो. तो माझा लांबचाही नातेवाईक लागत नाही. दोन बाजूंना दोन रेकॉर्ड फिरत असतात आणि त्यांच्या मधे ठाण मांडून जो बसतो, तो मी. डावीकडचं गाणं कधी ऐकू यावं, उजवीकडचं कधी, आणि कुणी कधी गप्प बसावं, हे माझ्या अंगावरची एक छोटीशी सरकपट्टी ठरवते. मी नसलो तर त्या दोन तबकड्या म्हणजे एकाच वेळी बोलायला लागलेल्या दोन मावश्या. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे. पण खोटं काही नाही.

जपानमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून समुद्र ओलांडून मी कॅलिफोर्नियात आलो आणि डेली सिटीच्या धुक्यात, आग्बायानी या फिलिपिनो कुटुंबाच्या गॅरेजात राहायला लागलो. घरातला मोठा मुलगा डिंडो याने मला आणलं. तो आणि त्याचे मित्र लग्नांत, बारशांत, मुलींच्या अठराव्या वाढदिवसांना गाणी वाजवायचे. काय दिवस होते ते! हॉलभर माणसं नाचायची, म्हाताऱ्या बायकासुद्धा ताट बाजूला ठेवून उठायच्या, आणि डिंडो मला थोपटून म्हणायचा, "वा रे पठ्ठ्या!" माणसं दमायची, मी कधी दमलो नाही.

मग एका लग्नात कुणीतरी कलमन्सी लिंबाच्या सरबताचा अख्खा पेला माझ्यावर सांडला. माझी वाचाच बसली. डिंडोने मला उघडलं, पुसलं, सुकवलं, डाख देऊन तारा पुन्हा जोडल्या. मी बोलायला लागलो, पण त्या घाईत त्याने दोन तारांची अदलाबदल केली होती. पट्टी डावीकडे नेल्यावर जो आवाज सुरू व्हायला हवा, तो माझ्यात बंद व्हायचा, आणि उजवीकडे नेली की सुरू. डिंडोच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तोवर त्याने नवा मिक्सर घेतला होता.

"घे, हा तुला," तो धाकट्या बहिणीला म्हणाला. "मोडायचा तेवढा मोडलाच आहे, तू आणखी काय मोडणार?"

ती मारिविक. तिने मोडलं काहीच नाही. उलट, माझं सोनं केलं.

तिची आई इस्पितळात रात्रपाळी करायची आणि दुपारी गॅरेजच्या वरच्या खोलीत झोपायची. म्हणून मारिविक कानाला हेडफोन लावून, बाहेर आवाज न काढता सराव करायची. तबकडी हाताने मागेपुढे ढकलली की ती खरखरते, हे तुम्हाला माहीत असेल. त्या खरखरीला माझ्या पट्टीने नेमक्या जागी कापलं, की तिच्यातून बोल निघतात, तबल्यातून निघतात तसे. डावा हात तबकडीवर, उजवा माझ्यावर. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि सुरू. मला तिची बोटं पाठ झाली होती. करंगळीला दम नाही, अनामिका चलाख, अंगठा आळशी, हे सगळं मला ठाऊक होतं.

आणि एका दुपारी तिच्या हातातून काहीतरी नवं निघालं. डाव्या हाताने तबकडी पुढे उडवायची, सोडून द्यायची, आणि ती आपल्या आपण फिरत असताना उजव्या हाताच्या दोन बोटांनी माझी पट्टी दोनदा टिचकवायची, की आवाज दोन ठिकाणी तुटायचा. मग तबकडी अलगद झेलायची. असं मी कधी ऐकलं नव्हतं. मारिविकनेही नव्हतं. ती हेडफोन काढून माझ्याकडे बघतच राहिली, मग पुन्हा केलं, पुन्हा केलं, आणि एकटीच हसत सुटली.

आता तिथला एक नियम सांगायला हवा. हाताची नवी करामत ज्याने काढली, त्याने तिला नाव द्यायचं. पण नुसतं मी काढली म्हणून भागत नसे. दर शनिवारी चर्चच्या तळघरात सगळी वाजवणारी पोरं जमायची. तिथे सर्वांसमोर ती करामत दुसऱ्या कुणाला शिकवायची, आणि त्या दुसऱ्या हातातून ती वाजली तरच नाव. एकाच हातात आहे तोवर तो योगायोग, असं तिथले जाणते मानोंग फिडेल म्हणायचे. मानोंग म्हणजे वडीलधारे. आणि एकदा नाव पडलं की पडलं.

मारिविक नावं शोधत बसली. 'काळी वीज' म्हणू की 'वाघनखं'? त्या नादात तिने एक चूक केली. चुलतबहिणीच्या अठराव्या वाढदिवसाला डिंडोचा नवा मिक्सर ऐनवेळी रुसला, म्हणून मला आणि मला वाजवायला मारिविकला नेलं होतं. जेवणं चालू असताना मारिविकने गंमत म्हणून ती करामत वाजवली. समोर लेस्टर उभा होता, दुसऱ्या टोळीतला, अंगठी घालून वाजवणारा. त्याच्या तोंडात तळलेल्या लुम्पिया रोलचा घास होता. तो चावायचाच थांबला.

पुढच्या आठवड्यात डिंडो धापा टाकत गॅरेजात आला.

"मारिविक, ते तुझं जे दोन टिचक्यांचं आहे ना, लेस्टर घरोघरी वाजवून दाखवत सुटलाय. उद्या तळघरात शिकवणार म्हणे. नावही ठरलंय."

"काय नाव?"

"लेस्टरचा चाबूक."

"शी! चाबूक कुठून आला त्यात?" तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "कुया, बस इथे. मी तुला शिकवते. उद्या त्याच्या आधी आपण वाजवू."

कुया म्हणजे दादा. दादाने आपला नवा मिक्सर समोर मांडला आणि ती माझ्यावर दाखवेल तसं करू लागला. छे! तिच्याकडून बोल निघावेत आणि त्याच्याकडून नुसती उचकी.

"तू दाखवतेस तस्संच करतोय गं मी!"

"मग येत का नाही? बोटं आहेत की रताळी?"

दोघांनी दोष त्याच्या जाड बोटांना दिला. तारांचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझा आवाज दुसऱ्याच्या हातात असतो, मित्रांनो. ते दुःख मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी ती मला पिशवीत घालून तळघरात घेऊन गेली. लेस्टरचा नंबर आधी लागला. त्याने बरं वाजवलं, खोटं कशाला बोलू? पण तबकडी सोडायची तिथे तो ती ओढत होता. वाजवून झाल्यावर, कुणाला शिकवण्याआधीच त्याने नाव सांगायला तोंड उघडलं, आणि मारिविक उभी राहिली.

"ते माझं आहे."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मानोंग फिडेल म्हणाले, "मग ये पोरी. वाजव आणि शिकव. पण इथल्या मिक्सरवर. घरच्या यंत्रावर कुणीही वाजवेल."

तिथला तो मिक्सर! चकचकीत, निळे दिवे, अंगावर ओरखडा नाही. मला तो बघताच आवडला नाही. मारिविकने हात ठेवला, तबकडी उडवली, बोटांनी टिचकी मारली. जिथे आवाज हवा तिथे शांतता, आणि शांततेत दोन बारीक फुसके आवाज.

"मुंगीला शिंक आली वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले.

तिचे कान लाल झाले. पण पळून जाणारी पोर नव्हती ती. तिने खाली वाकून पिशवीत हात घातला, माझी पट्टी डावीकडे, उजवीकडे सरकवून पाहिली. मग त्या निळ्या दिवेवाल्याची.

"कुया, हे उलटं आहे!"

डिंडोने कपाळावर हात मारून घेतला. "उलटं हे नाही गं. उलटा आपला आहे. सरबत सांडलं तेव्हा तारा मीच जोडल्या होत्या."

आता तर हशाला ऊतच आला. लेस्टर म्हणाला, "म्हणजे करामत तुझी नाहीच. त्या बिघडलेल्या डब्याची आहे."

डबा! मला! माझी सगळी बटणं तापली.

"डबा म्हणायचं काम नाही," मारिविक म्हणाली. मग ती मानोंग फिडेलकडे वळली. "दुसऱ्याच्या हातातून वाजलं पाहिजे, एवढंच ना? माझ्या हातातून इथे नाही वाजलं तरी चालेल?"

त्यांनी हनुवटी खाजवली. "नियमात दुसराच हात आहे खरा. पहिल्याचं कुणी काही म्हटलेलं नाही."

"मग मी लेस्टरला शिकवते."

लेस्टर फसला होता. नाही म्हणावं तर भित्रा ठरणार. शिकून नीट वाजवावं, तर नाव तिचं. पण मुद्दाम चुकवलं, तर ती हरणार आणि चाबूक त्याचा. हे सगळ्यांना कळत होतं. मला तर पिशवीत धडधडायला लागलं.

मारिविकने डोळे मिटले. आपली बोटं काय करतात याचा तिने इतके महिने कधी विचार केला नव्हता. आता प्रत्येक गोष्ट उलटवून, शब्दांत सांगायची होती.

"तुझी पट्टी बोटांनी उघडते ना? तशीच उघडी धर. माझी बोटं करतात ते आता तुझ्या अंगठ्याने करायचं. टिचकी मार आणि सोड. दाबून बसू नकोस. दोनदा."

"आणि डावा हात?"

"तू तबकडी ओढतोस. ओढायची नाही." ती शब्द शोधत थांबली. "तुझी आई मूग पाखडते?"

"पाखडते की."

"कशात?"

"बिलाओत. दुसरं कशात पाखडतात?" तो गोल बांबूच्या सुपाबद्दल बोलत होता. त्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात ते होतं.

"मग तसंच. उडव, पडू दे, झेल. हवेत असताना हात लावायचा नाही."

पहिल्या वेळी त्याने मुद्दाम चुकवलं. त्याचा अंगठा अर्ध्यातच थबकला. लोकांना कळलं नसेल, पण आयुष्यभर बोटांखाली राहिलेल्याला असलं लगेच कळतं.

मारिविकलाही कळलं. ती हळूच म्हणाली, "येतंय तुला. मला दिसतंय."

लेस्टरने मान खाली घातली आणि पुन्हा तबकडी उडवली. आणि मित्रांनो, निघाला आवाज! दाणे वर जावेत, सळसळत खाली यावेत, तसा. त्या निळ्या दिवेवाल्यातूनसुद्धा तो सुंदर वाटला, हे मी कबूल करतो. लेस्टरने परत वाजवलं. मग परत. आपल्याला हरायचं नव्हतं, हे तो साफ विसरून गेला. वाजवणाऱ्याच्या हाताला चांगला आवाज एकदा सापडला, की तो मालकाचंही ऐकत नाही.

"नाव?" मानोंग फिडेलनी विचारलं.

वीज, वाघ, नखं सगळी तिच्या डोक्यातून उडून गेली असावीत. "बिलाओ," ती म्हणाली.

"सुपाचं नाव?" मघाचा मुंगीवाला फिदीफिदी हसला.

"हसतोस काय?" लेस्टर त्याच्यावर खेकसला. "आधी वाजवून दाखव!"

त्यानंतरची काही वर्षं माझ्या भाग्याची होती. डेली सिटीतली पोरं मला बघायला गॅरेजात यायची. माझ्यासारखं वाजावं म्हणून काहींनी आपल्या मिक्सरच्या तारा मुद्दाम उलट्या करून घेतल्या. पण दिवस कुणासाठी थांबत नाहीत. डिंडो लास वेगासला गेला. मारिविकचं लग्न झालं, नोकरी लागली, मुलं झाली. मी फळीवर, नाताळच्या कंदिलांच्या खोक्यामागे जाऊन पडलो. पट्टीत धूळ गेली, मग ती हलेनाशी झाली. मला राग आला नाही असं नाही. खूप आला. कितीतरी नाताळ मी कुणाच्या बोटांवाचून काढले.

अगदी अलीकडे मारिविकने गॅरेज आवरायला काढलं आणि जुन्या रेकॉर्ड विकायला दारात मांडल्या. एक अनोळखी मुलगी त्या चाळत आली. आत मारिविकच्या मुलाची यंत्रं मांडलेली होती. "जरा वाजवून बघू का?" म्हणाली, आणि तिने सरळ बिलाओच वाजवला.

मारिविकच्या हातातला झाडू थांबला. "हे कुठे शिकलीस?"

"शिकागोला, आमच्या ओडेटबाईंकडे. त्यांना ओकलंडच्या एकाने शिकवलं, त्याला लेस्टरने."

"आणि लेस्टरला?"

"मारिविक आग्बायानीने," ती मुलगी झटकन म्हणाली. "ही सगळी नावं घेतल्याशिवाय आमच्या बाई पट्टीला हात लावू देत नाहीत. तुम्ही इथल्याच ना? ओळखता त्यांना?"

मारिविकने झाडू भिंतीला टेकवला. "हो," ती म्हणाली, "बऱ्यापैकी ओळखते." आणि खुर्ची ओढून ती त्या मुलीच्या शेजारी बसली.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. घरात माझ्यासारखं जुनं यंत्र असेल, तर अधूनमधून त्याची धूळ झटका आणि सरबत लांब ठेवा. आणि तुमच्या हाताला कुणी काही शिकवलं असेल, मग ते वाजवणं असो, गाठ मारणं असो की पोळी लाटणं असो, तर त्या माणसाचं नाव घेत जा, तो समोर नसला तरी. तो कुठल्यातरी गॅरेजात झाडू मारत असेल आणि त्याला ते ऐकू येईल.