बिनपडद्याची राहुटी

आमचे हे, म्हणजे ताजुद्दीन, बोलायला फार गोड. लोणावळ्याच्या बाजारात आमचं तंबू-ताडपत्रीचं दुकान होतं. पुढच्या भागात हे गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि मागच्या पडवीत मी शिवत बसायचे. गिऱ्हाईक जाताना म्हणायचं, ताजुद्दीनभाई, तुमच्या हाताला तोड नाही. हे हसून सलाम करायचे. माझा हात तेव्हा दाभणात दोरा ओवत असायचा.

इंदुरीहून लग्न होऊन आले तेव्हापासून मी राहुट्या शिवत होते. शिकारीला जाणारे साहेब, पुलाचे कंत्राटदार, जमिनी मोजणारे सरकारी लोक, सगळे माझ्या शिवणीखाली झोपले. मी मात्र एकदाही राहुटीत झोपले नव्हते. हसायचं तर हसा, पण हलवायाच्या बायकोलाही कधीतरी पेढा चाखायला मिळतोच की नाही? परत आलेल्या राहुट्या दुरुस्तीला यायच्या तेव्हा त्यांना धुराचा, गवताचा, रानातल्या मातीचा वास असायचा. मी गुपचूप नाक लावायचे.

सन छत्तीसची गोष्ट. दिवाळीच्या सुमारास एका दुपारी हे जेवायला बसले आणि म्हणाले, "हसिना, संक्रांत झाली की तुला डोंगरात नेतो. हौशीरामची लॉरी आहेच. कामशेतवरून आत पवन मावळात शिरायचं. जिथवर रस्ता तिथवर गाडी, पुढं पायी. तिकोना, तुंग, लोहगड. राहुटी आपलीच न्यायची."

"खरंच?"

"मग काय खोटं सांगतोय? हौशीराम लॉरीत झोपेल, आपण राहुटीत. कालवण वाढ अजून थोडं."

मी वाढलं. पातेलं पुसून वाढलं, स्वतःला ठेवलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या अंगात वारं शिरलं. शेजारी नंदाबाई राहायची, वयाने मोठी, मी तिला मावशी म्हणायचे. तिचं माहेर तिकोन्याच्या पायथ्याशी. रोज हातातलं काम संपलं की मी तिच्या ओट्यावर.

"मावशी, वर पाणी असतं का गं?"

"तिकोन्यावर टाकं हाय. चैतातबी आटत न्हाई," ती म्हणाली. "तुंगाचा भरवसा न्हाई धरायचा. तितं चढताना खालनंच भरून न्यायचं. आन् गाडी वढ्याच्या अलीकडंच सोडा, पलीकडं चाक रुततंय. सरपान वाडीत मिळंल."

"आणि राहुटी लावायला जागा नाही मिळाली तर?"

"माज्या भावाचं खळं हाय की! मी निरोप धाडते, आमची हसिना येतीय म्हनून. तुला बघून वैनीला लय आनंद व्हईल."

हे सगळं मी पाठ करायचे आणि रोज जेवताना यांना सांगायचे. कुठे डोंगर डाव्या हाताला ठेवायचा, कुठल्या वाडीत दूध मिळेल, चढ कुठे निसरडा आहे, पीठ किती न्यायचं. हे घास थांबवून ऐकायचे. एखादी गोष्ट पुन्हा विचारायचे. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझं बोलणं यांनी असं कधी ऐकलं नव्हतं, आणि मी बावळट, त्या ऐकण्यावरच खूष होते.

मग राहुटी शिवायला घेतली. "मोठी कर," हे म्हणाले, "सामान आत राहील." मी मोठी केली. नवं जाड कापड, दुहेरी शिवण, दोऱ्याला मेण चोळून चोळून माझी बोटं गुळगुळीत झाली. आमच्या दुकानात सासूबाईंच्या वेळेपासून एक रिवाज होता. ज्या राहुटीत बाईमाणूस झोपणार, तिला दाराच्या आत पडदा शिवायचाच. गिऱ्हाइकाने सांगो न सांगो, साहेब असो की देशमुख. तशी मी काही बुरख्यात राहणारी नव्हते, पण रिवाज तो रिवाज. पडदा नसलेली राहुटी म्हणजे पुरुषांची, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पडद्याचं कापड मी काढून ठेवलं होतं. हे आले आणि म्हणाले, "पडदा नको."

"नको कसा?"

"ओझं वाढतं. आणि पडदा लावला तर आतून तुला दिसणार काय?"

मी लाजले. आज सांगताना माझाच मला राग येतो, पण लाजले. मला वाटलं, या माणसाला वाटतंय की बायकोने पडल्या पडल्या आभाळ बघावं. सासूबाईंचा रिवाज माझ्यासाठी मोडायला निघालाय हा माणूस. पडद्याचं कापड मी घडी घालून ठेवून दिलं आणि त्या दिवशी यांच्या आवडीची खीर केली.

आळीत सगळ्यांना सांगून झालं होतं. नवी साडी नको म्हटलं, चढायला जुनीच बरी, पण वहाणांना नवे पट्टे लावून घेतले. नंदामावशी म्हणाली, "अगं, जरा हळू. पाय भुईला लागंनात तुजं."

निघायच्या आदल्या दिवशी राहुटी मागच्या परसात उभी केली. नवी राहुटी अशीच घेऊन जात नाहीत. आधी उभी करून पाण्याने चिंब भिजवायची आणि ताणावर सुकू द्यायची. मग कापड फुगतं, दाभणाची भोकं बुजतात आणि पावसा-दवाचं पाणी आत येत नाही. मी आणि यांनी मिळून आडावरून बादल्या ओतल्या. सकाळपर्यंत ती तशीच उभी राहायची होती.

दुपारी यांचा लॉरीवाला दोस्त हौशीराम राहुटी बघायला आला. त्याच्याबरोबर बाजारातला किराणावाला दत्तोबा होता आणि यांचा चुलतभाऊ कादर. मी आत चहा टाकत होते. दार लोटलेलं होतं, पण बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"गाडी ओढ्याच्या अलीकडेच सोडायची," हे सांगत होते. "पलीकडे चाक रुततं. तिकोन्यावर टाकं आहे, पण तुंगाला पाणी खालून भरून न्यायचं. सरपण वाडीत मिळतं."

"वा रे पठ्ठ्या!" दत्तोबा म्हणाला. "कधी जाऊन बघून आलास?"

"माहिती काढावी लागते बाबा," हे म्हणाले.

मी हसले. म्हटलं, करू दे रुबाब, आपलाच नवरा आहे. मग दत्तोबा राहुटीत डोकावला असावा, कारण त्याचा आवाज घुमला. "ऐसपैस आहे. आपण चौघं आरामात मावतो. आणि पडद्याची कटकट नाही ठेवलीस ते बरं केलंस."

"चार बाप्यांत पडदा कशाला?" हे म्हणाले आणि सगळे हसले.

चहा उतू गेला. चुलीवर चर्र झालं, तरी मी जागची हलले नाही.

हौशीराम जरा बरा माणूस. त्याने विचारलं, "वहिनी एकट्याच राहणार का मग?"

"नाही, नाही. इंदुरीला निरोप धाडलाय कधीचाच. उद्या दुपारी तिचा भाऊ येतोय न्यायला, नसीर. राहील चार दिवस माहेरी."

निरोप धाडलाय कधीचाच. माझ्या भावाला ठाऊक होतं, कादरला ठाऊक होतं, किराणावाल्या दत्तोबाला ठाऊक होतं. वहाणांना पट्टे लावून मीच तेवढी आळीभर नाचत होते. उरलेला चहा गाळला आणि कादरला दारातून आत बोलावून कप त्याच्या हातात दिले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी यांच्यासमोर उभी राहिले. माझ्या घरात आवाज चढवायचा तर माझाच चढायचा, पण त्या दिवशी तोही चढेना.

"मला नेणार होतात ना?"

"अगं, ते होय..." हे खाली बघत पान लावू लागले. "बायका घेऊन डोंगरात कोण जातं? लोक काय म्हणतील? पुढच्या वर्षी नेतो."

"पडदा नको म्हणालात तेव्हाच ठरलं होतं?"

"ठरलं होतं म्हणजे... हे बघ, आता तंटा नको करूस."

"मग दिवाळीत मला तसं का सांगितलंत?"

यांनी पान तोंडात ठेवलं आणि माझ्याकडे अगदी कौतुकाने बघितलं. "तसं सांगितलं नसतं, तर तू एवढं जीव लावून शिवली असतीस का?"

खोटं बोलताना पकडलेला माणूस निदान चाचरतो. हे आधी जरा चाचरलेही, पण आता यांना वाटत होतं, आपण बायकोची तारीफ केली. त्यांच्या तोंडावर काही लपवल्याची खूणसुद्धा नव्हती, आणि तेच मला अजूनही विसरता येत नाही.

मी भाकऱ्या केल्या. तिखट-मिठाच्या पुड्या बांधल्या. हे समजले, मिटलं.

सकाळी हौशीरामची लॉरी दारात येऊन उभी राहिली. ओझी चढली, पातेली चढली. मग राहुटी सोडवायला चौघे परसात आले. मी राहुटीत होते. मधोमध सतरंजी घालून, दाराकडे पाठ करून, डोक्यावरून पदर घेऊन आडवी झाले होते.

"वहिनी आत आहेत," हौशीराम म्हणाला आणि तिघेही दूर सरकले. परक्या बाईमाणसाच्या निजायच्या जागी डोकं घालण्याइतके ते वाईट नव्हते.

"हसिना, ऊठ," हे बाहेरून म्हणाले. "उशीर होतोय."

मी उठले नाही.

"अगं, लोक थांबलेत. हा काय तमाशा?"

मला राहुटी अडवून ठेवायची नव्हती. खरं तेच सांगते. मला वाटत होतं की राहुटीवाचून यांचं अडेल. मग क्षणभर विचार करतील, आणि दत्तोबाला नाहीतर कादरला म्हणतील, तू उतर बाबा. मग मला म्हणतील, चल, बस गाडीत. वहाणा मी पायातच घातल्या होत्या.

बाहेर कुजबुज झाली. दत्तोबाचा आवाज आला, "मग कसं करायचं?"

"राहू दे," हे म्हणाले. आवाजात रागही नव्हता. "नंदाबाईच्या भावाचं खळं आहे तिथे. निरोप गेलेलाच आहे. तिथेच झोपू."

पावलं लांब गेली. मागच्या दाराची कडी वाजली. लॉरीचं हँडल फिरलं, एकदा, दोनदा, आणि इंजिन सुरू झालं. मी तोवर उठून बसले होते. राहुटीच्या दारातून मला माझ्याच न्हाणीची भिंत दिसत होती.

आमच्या आळीतून मोठ्या रस्त्याला लागायचं तर पिंपळापाशी वळावं लागतं, आणि तिथे प्रत्येक गाडी हळू होते. लॉरी हळू झाली. मी उभीसुद्धा राहिले. मग तिने वळण घेतलं आणि ती गेली.